टाकीतला उंदीर आणि आत्याच्या पाटल्या

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वाद गेल्या दोन-तीन वर्षांत पुन्हा पेटला आहे. मार्च २०२३मध्ये भारताने औषधचाचण्यांचे नियम बदलले आणि प्राण्यांवाचून होणाऱ्या पद्धतींनाही मान्यता दिली. त्याच्या तीन महिने आधी अमेरिकेत तशाच आशयाचा कायदा झाला होता. एप्रिल २०२५मध्ये तिथल्या औषध नियामक यंत्रणेने आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्राण्यांचा वापर कमी करत नेण्याचं धोरणच जाहीर केलं. या वादात अल्झायमरचं उदाहरण हमखास निघतं, कारण या आजाराइतकं उंदरात यश आणि माणसात अपयश दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल. एक बाजू म्हणते, तीस वर्षं उंदरांची स्मृती परत आणून झाली, माणसाची आली नाही, तेव्हा हा खेळ थांबवा. दुसरी बाजू म्हणते, उंदीर नसते तर आज आहेत ती दोन-तीन औषधंही नसती, तेव्हा शास्त्रज्ञांना त्यांचं काम करू द्या. दोघंही उंदीर हवा की नको यावरच घसा कोरडा करतात. त्या उंदराला आपण विचारलं काय आणि त्याचं उत्तर म्हणून लिहून घेतलं काय, हे कुणी तपासत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही चर्चा चालली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. प्रयोगशाळेतला उंदीर राहायला हवा, निदान अजून बरीच वर्षं. पण ‘अल्झायमर झालेला उंदीर’ आणि ‘त्याची स्मृती परत आली’ हे दोन शब्दप्रयोग जायला हवेत, शोधनिबंधांतून आणि वर्तमानपत्रांतूनही. हा आग्रह व्याकरणाचा नाही. या दोन शब्दप्रयोगांनी औषधांच्या चाचण्या चुकीच्या रस्त्याला लावल्या, लाखो कुटुंबांना खोटी आशा दिली आणि असंख्य प्राण्यांचा जीव फुकट घालवला, असं मला वाटतं.

उंदराची स्मृती मोजतात कशी, हे आधी पाहू. १९८१ साली रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक गोल टाकी तयार केली. तिच्यात पाणी भरायचं, ते दूध घालून गढूळ करायचं आणि पृष्ठभागाच्या थोडं खाली एक छोटा चौथरा बुडवून ठेवायचा. टाकीत सोडलेला घूस-उंदीर पोहत पोहत तो चौथरा शोधतो. पहिल्या दिवशी तो नुसता भटकतो. पुढच्या दिवसांत खोलीतल्या खुणांवरून, म्हणजे दार कुठे, दिवा कुठे, भिंतीवरचं चित्र कुठे, यावरून चौथऱ्याची जागा ओळखतो आणि थेट तिकडे निघतो. शेवटी चौथरा काढून घेतात आणि प्राणी आठवणीतल्या जागेभोवती किती वेळ घुटमळतो ते मोजतात. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग निकामी केला तर प्राण्याला ही जागा शिकता येत नाही. प्रयोग म्हणून ही टाकी सुंदर आहे. थोडक्या साधनांत नेमका प्रश्न विचारणारी अशी उपकरणं फार थोडी. आणि अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस व त्याच्या शेजारचा भाग लवकर बिघडतो, ओळखीच्या गल्लीत माणूस वाट चुकतो, हेही खरं आहे. त्यामुळे या टाकीचा आणि आजाराचा काहीच संबंध नाही, असं म्हणणारे चूक आहेत.

पण टाकीत मोजले जातात ते सेकंद. ते सेकंद वाढले म्हणजे स्मृती गेली, हा आपला अर्थ. सेकंद इतर कारणांनीही वाढतात. गार पाण्याला घाबरलेला उंदीर भिंतीला चिकटून गोल गोल फिरतो. काही उंदीर पोहायचं सोडून नुसते तरंगत राहतात. घूस-उंदीर पाण्यात सराईत असतो, लहान उंदीर तितका नसतो, आणि जनुकं बदललेले बहुतेक प्राणी लहान उंदीर आहेत. १९९६ साली मिनेसोटात तयार झालेला आणि पुढे जगभर वापरला गेलेला टीजी-२५७६ हा उंदीर घ्या. तीन महिन्यांचा असताना तो शिकतो, नऊ-दहा महिन्यांचा झाला की टाकीत चाचपडतो, हे त्याच्यावरच्या पहिल्या निबंधाचं मुख्य निरीक्षण. पण हा उंदीर ज्या संकरातून आला त्या वंशात डोळ्याचा पडदा झिजवणारं एक जनुकही फिरत असतं. ते दोन्हीकडून आलं की पिल्लू मोठं होता होता आंधळं होतं. भिंतीवरची खूणच दिसत नसेल तर ती आठवणार कुठून? चांगल्या प्रयोगशाळा असे उंदीर आधी वेगळे काढतात. न काढता मोजमाप केलं तर आंधळेपणाची नोंद विसरण्याच्या रकान्यात पडते. १९९९ साली ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन या तीन शहरांतल्या प्रयोगशाळांनी त्याच त्या वंशांचे उंदीर घेतले, उपकरणं सारखी ठेवली, दिवसाच्या वेळासुद्धा जुळवल्या आणि वागणुकीच्या त्याच त्या चाचण्या घेतल्या. तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. एवढी काळजी घेऊन ही गत. मग एकाच प्रयोगशाळेत, दहा-बारा उंदरांवर, एकदाच झालेल्या प्रयोगावर किती भार टाकायचा?

आता माणसाकडे वळू. १९०१च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्त डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. अलोइस अल्झायमर या डॉक्टरने तिची बारकाईने टिपणं ठेवली. नाव काय, तर औगुस्त. आडनाव, तर औगुस्त. नवऱ्याचं नाव, तर थोडा विचार करून, ‘औगुस्त वाटतं’. १९०६मध्ये ती वारली. अल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्युबिंगनच्या सभेत तिची हकीकत मांडली. तिथून या आजाराचा इतिहास सुरू झाला. या हकीकतीतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घरच्यांच्या नजरेत भरलेलं तिचं पहिलं लक्षण विसरणं नव्हतंच, नवऱ्याविषयीचा मत्सर होता. तो परस्त्रीकडे जातो, असा संशय तिच्या मनात बसला होता. विसरणं त्यामागोमाग आलं.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सांगलीची माझी आत्या आठवली. तिचा आजार घरात शिरला तो पाटल्यांच्या रूपाने. ‘माझ्या पाटल्या कुणी नेल्या?’ असं ती विचारू लागली, आणि आळ आला सुनेवर. पाटल्या आत्याने स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्या सापडल्या, पण आळ गेला नाही. सगळ्या नात्यात हे सासू-सुनेचं भांडण म्हणूनच ओळखलं गेलं. माझ्या त्या वहिनीने दोन वर्षं चोरटी म्हणून ऐकून घेतलं, मग कुठे एका डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं नाव घेतलं. त्या दोन वर्षांत आत्या देवळात एकटी जाऊन बरोबर घरी येत होती. तिला त्या टाकीत घातलं असतं तर ती पास झाली असती. माझ्या एका घरावरून मी आजाराचा नियम सांगत नाही, उलटं घडलेलीही घरं मी पाहिली आहेत. सांगायचं एवढंच की हा आजार माणसाच्या आठवणींबरोबर त्याची माणसं, भाषा, हिशेब, विश्वास हे सगळं कुरतडत जातो. त्यातला एक धागा, जागेची आठवण, उंदराकडे आहे. बाकीचं वस्त्र त्याच्याकडे मुळात नाही.

त्याहून मूलभूत अडचण अशी की उंदराला अल्झायमर होतच नाही. तो दोन-तीन वर्षं जगतो, म्हातारा होतो, पण या आजारात माणसाच्या मेंदूत साचतात ते अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर त्याच्या मेंदूत साचत नाहीत. त्याचं अमायलॉइड आपल्याहून तीन ठिकाणी वेगळं आहे आणि सहज गोळा होत नाही. म्हणून १९९०नंतर माणसाची जनुकं उंदरात घालायला सुरुवात झाली. ती जनुकं कुठली? ज्या मोजक्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या, चाळिशी-पन्नाशीत येतो, त्यांच्यातली. अशा रुग्णांचं प्रमाण एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढं करून उंदराच्या मेंदूत थर साचले, पण माणसाच्या मेंदूत दिसतात ते टाऊ प्रथिनाचे गुंते तयार झाले नाहीत आणि बहुतेक मॉडेलांत, म्हणजे अशा घडवलेल्या उंदरांत, चेतापेशीही तशा मोठ्या प्रमाणावर मेल्या नाहीत. मग २००३मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध मॉडेलात गुंते यावेत म्हणून टाऊचं एक बिघडलेलं जनुकही घातलं गेलं. ते जनुक अल्झायमरच्या रुग्णांतलं नव्हतं, दुसऱ्याच एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतलं होतं. म्हणजे झालं काय? अमायलॉइडमुळे आजार होतो या आपल्या समजुतीप्रमाणे उंदीर घडवला, अमायलॉइड काढणारं औषध त्याला दिलं, तो सुधारला, आणि समजूत खरी ठरली असं आपण म्हणालो. आडात आपणच ओतलं, तेच पोहऱ्यात आलं.

उंदरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यात बळकट म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि ते आखडतं न घेता मांडायला हवं. १९९९मध्ये अमायलॉइडविरोधी लसीने उंदरांच्या मेंदूतले थर जातात हे दिसलं नसतं, तर प्रतिपिंडांच्या औषधांचा विचार कुणी केला नसता. २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब त्याच वाटेवरचं आहे. त्याने अठरा महिन्यांत आजाराची घसरण सत्तावीस टक्क्यांनी मंद केली. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक जेमतेम ०.४५ भरतो, तो रुग्णाच्या घरच्यांना जाणवतो का यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, पण तो शून्य नाही. दुसरं, या औषधांनी काहींच्या मेंदूला सूज येते, रक्तस्राव होतो. हा धोका उंदराने आधीच सांगितला होता. २००२मध्येच, म्हाताऱ्या उंदरांना असं प्रतिपिंड दिल्यावर मेंदूतला रक्तस्राव वाढतो, असा निबंध प्रसिद्ध झाला होता. तिसरं, बशीत वाढवलेल्या मानवी पेशींचे गोळे किंवा संगणकावरची गणितं प्राण्यांची जागा घेतील असं म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न आहे: बशीतला पेशींचा गोळा विसरणार काय? ज्याने कधी काही अनुभवलं नाही, त्याच्या विसरण्याचा अभ्यास कसा करणार? चौथं, २०१६मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की अल्झायमरची जनुकं घातलेल्या उंदरांत, आजाराच्या सुरुवातीला, भीतीची एक आठवण पुसली गेलेली नसते, ती नुसती हाताला लागत नसते. ती साठवणाऱ्या पेशींना प्रकाशाने जागं केलं तर उंदीर पुन्हा भिऊन गोठतो. जिवंत प्राण्यावाचून हे कळलंच नसतं.

मग तक्रार कशाबद्दल? या चारही उदाहरणांत उंदीर ज्या गोष्टीविषयी बोलला ती त्याच्याजवळ होती. थर होते, ते गेले. रक्तवाहिन्या होत्या, त्या फुटल्या. भीतीची आठवण त्याची स्वतःची होती. त्याची साक्ष तिथे विश्वासार्ह आहे. बिघडतं ते पुढच्या वाक्यात, ‘म्हणून माणसाचा स्मृतिभ्रंश बरा होईल’ या वाक्यात.

प्राणीप्रयोगांचे समर्थक इथे इतिहासाकडे बोट दाखवतात, आणि आपल्याकडे त्याचं उत्तम उदाहरण मुंबईचंच आहे. १८९६च्या प्लेगात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एका अपुऱ्या खोलीत लस तयार केली, सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही. ससे नसते तर ती लस इतक्या लवकर माणसांपर्यंत पोचली नसती, हे खरंच. पण या उदाहरणातला सगळा जोर कशात आहे? प्लेग माणसाचा तितकाच जनावराचाही आजार होता. मुंबईच्या चाळींत माणसांआधी उंदीर पटापट मरून पडत होते. तोच जंतू, तोच ताप, तोच मृत्यू. सशाला टोचलेला प्लेग ही प्लेगची प्रतिकृती नव्हती, तो प्लेगच होता. अल्झायमरच्या उंदराला हाफकिनच्या सशाच्या रांगेत उभं करणं म्हणजे शब्दसाम्यावर निकाल देणं आहे.

आणि तो निकाल किती महाग पडला ते पाहा. १९९९च्या त्या लसीवर पुढच्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी निबंध लिहिले: लस टोचलेले उंदीर चक्रव्यूहात चुकत नाहीत, त्यांची स्मृतिहानी टळते. लस माणसांत गेली. दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत लस दिलेल्या ३०० रुग्णांपैकी १८ जणांना मेंदूचा दाह झाला आणि जानेवारी २००२मध्ये लस देणं थांबवावं लागलं. खरा धक्का २००८ साली बसला. लस घेतलेल्या आणि पुढे वारलेल्या आठ रुग्णांचे मेंदू तपासले, तर काहींमधले थर जवळजवळ पूर्ण धुतले गेले होते. तरीही ते रुग्ण मरेपर्यंत घसरतच गेले, अगदी शेवटच्या अवस्थेपर्यंत. थरांबाबत उंदराने सांगितलेलं खरं निघालं. स्मृतीबाबत त्याच्या तोंडी घातलेलं खोटं निघालं. याहून स्पष्ट निवाडा हवा होता का? तरी २०१०मध्ये अमायलॉइड तयार होणं रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट नावाच्या औषधाची चाचणी थांबली ती रुग्ण नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षाही जास्त बिघडले म्हणून. २००२ ते २०१२ या दहा वर्षांत या आजाराच्या औषधांच्या विकासातलं अपयश ९९.६ टक्के होतं, अशी गणती पुढे प्रसिद्ध झाली.

हा ९९.६चा आकडा प्रयोगविरोधी मंडळी घोषणेसारखा वापरतात, आणि इथे मला त्यांच्याशीही भांडायचं आहे. सगळं अपयश उंदराच्या माथी मारणं सोपं आहे. पण उंदरांना औषध बहुधा थर साचायच्या आधी किंवा साचू लागताच दिलं गेलं, आणि माणसांना पंधरा-वीस वर्षं थर साचल्यावर. हा निर्णय उंदराचा नव्हता. काही चाचण्यांत ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच असेही रुग्ण घेतले गेले होते, कारण तेव्हा तपासणीची सोय नव्हती. आगीला प्रतिबंध करणारा उपाय घर जळल्यावर वापरला आणि उपायाला दोष दिला, असं काही प्रमाणात झालं आहे. तेव्हा ‘उंदीर बंद करा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की वेळ चुकवणारी माणसं त्यानंतर कशी सुधारणार आहेत?

त्याच मंडळींचा दुसरा पुरावा म्हणजे मागे घेतला गेलेला तो निबंध. २००६मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक शोध आला होता. टीजी-२५७६ उंदरांच्या मेंदूत अमायलॉइडचा एक विशिष्ट पुंजका सापडला आणि तो तरुण घूस-उंदरांना टोचला तर त्यांची स्मृती खालावते, असा त्यात दावा होता. २०२२मध्ये त्यातल्या चित्रांवर गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि जून २०२४मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. तेव्हापासून ‘अल्झायमरचं सगळं संशोधनच बनावट’ असं वाक्य मी निदान चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांत दोन डॉक्टर. हे वाक्य चूक आहे. अमायलॉइडचा संशय त्या निबंधावर उभा नाही, तो माणसांच्या पुराव्यावर उभा आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांना अमायलॉइडच्या जनुकाची एक प्रत जास्त मिळते आणि चाळिशीपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मेंदूत थर दिसतात. त्याच जनुकातला एक दुर्मीळ बदल आइसलंडमधल्या लोकांना या आजारापासून वाचवतो, हे २०१२मध्ये कळलं. घराण्यांचा अभ्यास आधी झाला, उंदीर मागून आला. माझ्या मते या प्रकरणाचा धडा वेगळाच आहे. एका प्रयोगशाळेतल्या टाकीतले काही सेकंद ‘स्मृतिनाशाचं कारण सापडलं’ अशा भाषेत सांगितले गेले, म्हणून त्या निबंधाला इतकं वजन आलं. भाषा साधी असती तर तो इतका मोठाही झाला नसता आणि पडताना एवढा आवाजही झाला नसता.

ही भाषा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. २००१मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने हळदीतल्या कुर्कुमिनने उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड कमी होतं असं दाखवलं. बातमी आपल्याकडे आली ती ‘हळदीने अल्झायमर टळतो’ अशी. सांगलीत, हळदीच्या पेठेच्या गावात, तिचं काय झालं असेल ते सांगायला नको. आत्याच्या घरी ते कात्रण फ्रिजवर होतं आणि रोज सकाळी तिला हळदीचं पाणी होतं. २०१२मध्ये, छत्तीस रुग्णांवर चोवीस आठवडे झालेल्या चाचणीत कुर्कुमिनचा काही उपयोग दिसला नाही. त्या बातमीचं कात्रण मात्र कुणाच्याही फ्रिजवर मी पाहिलं नाही. त्याच वर्षी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून अश्वगंधेवरचा निबंध आला. अल्झायमरची जनुकं घातलेल्या उंदरांना अर्क महिनाभर दिला, तर वागणूक सुधारली आणि अमायलॉइड घटलं, आणि गंमत म्हणजे हे काम मेंदूत न होता यकृतातून झालं. निबंध विचार करायला लावणारा आहे, यकृताचा मुद्दा तर फारच. पण दुकानातल्या डबीपर्यंत पोचता पोचता त्यातला उंदीर गळून गेला. हे अपघाताने होत नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरवरचे, उंदीर वापरलेले ६२३ निबंध तपासले होते. ज्यांच्या शीर्षकात उंदराचा उल्लेख नव्हता त्यांना माध्यमांत जास्त जागा मिळाली, आणि त्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही उंदीर गायब होता. म्हणजे उंदीर प्रथम शास्त्रज्ञाच्या हातून गळतो, मग वार्ताहराच्या. भारतात साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अलीकडच्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्या प्रत्येकाच्या घरी एक फ्रिज नसेलही, पण एक आशा असते, आणि तिच्यावर असं कात्रण चिकटतं.

‘मग करायचं काय, टीका सोपी आहे,’ असं कुणी म्हणेल. करता येण्याजोगं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक करून पाहिलेलं आहे. स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजारात हाच घोळ झाला होता. एकामागून एक औषधं उंदरांचं आयुष्य वाढवत होती आणि माणसांत फसत होती. मिनोसायक्लिन हे औषध तर २००७च्या चाचणीत माणसांची घसरण वाढवताना दिसलं. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेने सत्तरहून अधिक औषधं त्याच उंदरांवर पुन्हा तपासली, पण कडक शिस्तीने: पुरेसे उंदीर, नर-माद्या समान वाटलेल्या, एका वेतातली पिल्लं दोन्ही गटांत विभागलेली, आजाराशी संबंध नसलेले मृत्यू वगळलेले. २००८मध्ये निकाल आला. एकही औषध टिकलं नाही, जगाने ज्यांच्यावर चाचण्या केल्या होत्या तीसुद्धा नाहीत. उंदीर तेच होते. त्यांना विचारण्याची रीत बदलली तेव्हा त्यांनी ‘नाही’ असं स्वच्छ सांगितलं. ते आधी ऐकू आलं असतं तर शेकडो रुग्णांवरचे प्रयोग टळले असते. अल्झायमरमध्येही अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेने प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांची जाहीर नोंदवही उघडली आहे. कोणत्या प्रयोगात मोजणाऱ्यालाच कोणता उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक होतं, हेही तिच्यात दिसतं. २०१४मध्ये जपानच्या रिकेन संस्थेने जनुक अतोनात न वाढवता, उंदराच्या स्वतःच्या जागी माणसाचा बदल बसवून नवे उंदीर तयार केले. म्हाताऱ्या कुत्र्यांकडेही अधिक लक्ष द्यायला हवं. कुत्र्याचं अमायलॉइड माणसासारखंच असतं, काही म्हाताऱ्या कुत्र्यांत ते आपोआप साचतं, आणि घरातला कुत्रा चुकीच्या दारापाशी उभा राहतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. त्यांना आजार द्यावा लागत नाही. मालकाच्या घरीच, उपचार करता करता, त्यांचा अभ्यास होऊ शकतो.

आपल्या देशातल्या नियमांविषयीही एक मागणी आहे. १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख होते, संस्थोसंस्थी नीतिसमित्या आहेत. समिती विचारते: किती प्राणी, किती वेदना, पर्याय होता का. हे प्रश्न योग्यच आहेत. पण चौथा प्रश्न तितक्याच कडकपणे विचारला जायला हवा: या प्रयोगाचं उत्तर, ते काहीही आलं तरी, कुणाच्या उपयोगी पडेल का? आठ उंदरांत, नकार आला तर छापायचाच नाही अशा मनाने केलेला प्रयोग कितीही कमी वेदनेचा असो, तो क्रूर आहे. आणि पुरेशा संख्येने, दोन ठिकाणी, आधीच जाहीर करून केलेला प्रयोग जास्त प्राणी घेत असला तरी तो मला अधिक नैतिक वाटतो. प्राणिमित्रांना हे पटणं जड जाईल याची मला कल्पना आहे. संख्येचा आग्रह सोडून अर्थाचा आग्रह त्यांनी धरावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

संपादकांकडे मागणं अगदी छोटं आहे: मथळ्यात ‘उंदरांत’ हा शब्द. आणि ‘स्मृती परतली’च्या जागी जे घडलं ते, ‘टाकीत चौथरा लवकर सापडला’. वाचक कमी होतील, हे मला कळतं.

गेल्या दिवाळीत वहिनीकडे गेले होते. आत्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. कुठल्याशा नव्या औषधाने उंदरांची स्मृती पूर्ववत झाल्याची बातमी वहिनीच्या फोनवर आली होती, आणि तिने ती मला वाचायला दिली. मी मूळ निबंध शोधून काढला आणि टाकी, चौथरा, सेकंद, सगळं तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, ‘त्या उंदरांनी कुणावर संशय घेतला होता का गं?’ मी निबंधातले तक्ते पुन्हा वरून खाली पाहिले. पोहण्याचा वेग होता, अंतर होतं, सेकंद होते. तिच्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.